पुस्तक केव्हा येतंय?

जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मध्ये १२४ वर्षे गेली. याच लेखकाचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये बाहेर पडले, कारण त्या वेळी जोतीरावांनी कुठल्या कमिटीची वाट पाहिली नाही; पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’त आली आणि पुढची छापायला संपादक कचरले. लोखंडे तर घरचेच, सत्यशोधक चळवळीतले. तरीही संपूर्ण ‘असूड’ वाचकांच्या हातात पडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ जोतीरावांनी अर्धांगवायूनंतर डाव्या हाताने लिहून पुरे केले; ते १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी निघाले.

लेखक एक, चळवळ एक, छापखान्यांचा वेग साधारण सारखाच. पण पुस्तके किती निरनिराळ्या वेळी पोचली पाहा. सरकारी कमिटी, वर्तमानपत्र, पदरचा पैसा आणि वारसांची निष्ठा, असे हे चार मार्ग झाले. पुढच्या पानांत मी ज्या मार्गांविषयी लिहिले आहे ते बहुतेक यांचेच वंशज आहेत. नावे बदलली, यंत्रे बदलली. एक गोष्ट तशीच राहिली आणि ती सांगण्यासाठीच हे पुस्तक लिहिले आहे: पुस्तक निघायला जो वेळ लागतो त्यातला फार थोडा छपाईचा असतो. बाकी सगळा वेळ कुणीतरी ‘हो’ म्हणण्याची वाट पाहण्यात जातो. तेव्हा मार्ग निवडताना किती महिने लागतील हे मागाहून विचारावे, आधी विचारावे की इथे ‘हो’ म्हणणारा कोण आहे आणि त्याला कशाची भीती आहे.

मी या धंद्यात शिरले ती मुद्रितशोधनाच्या दारातून, त्यामुळे यंत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. शिशाच्या खिळ्यांचा काळ संथ होता असे सगळे म्हणतात. जुळारी एकेक अक्षर उचलून ओळ लावायचा, मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे त्याच्यासमोरच्या केसमधले खण इंग्रजीच्या कितीतरी पट. हे खरेच आहे. पण त्या संथपणाला एक शिस्त होती. कोणत्याही छापखान्याकडे अख्खे पुस्तक एका वेळी लावून ठेवता येईल इतके खिळे नसत. सोळा पानांचा एक फॉर्म, फार तर दोन-तीन फॉर्म जुळवायचे, प्रूफ काढायचे, लेखकाकडे पाठवायचे, दुरुस्त्या करून छापायचे, मग खिळे सोडवून परत आपापल्या खणांत टाकायचे आणि पुढचा मजकूर घ्यायचा. लेखकाने प्रूफ आठवडाभर दाबून ठेवले की छापखान्याचे खिळे अडकत आणि मालकाचा माणूस दारात उभा राही. छापून झालेला फॉर्म पुन्हा उघडायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या प्रकरणात नायिकेचे नाव बदलावेसे वाटले तर ते पहिला फॉर्म छापण्यापूर्वी वाटायला हवे.

संगणक आला आणि हा धाक गेला. आता अख्खे पुस्तक पडद्यावर लावून तयार असते, कुणाचेच खिळे अडकत नाहीत, म्हणून लेखक सहाव्या प्रुफातही परिच्छेद हलवतो. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलेल्या पानावर लेखक नवी चार वाक्ये लिहितो आणि ती चार वाक्ये कुणीच तपासत नाही. अक्षरजुळणी महिन्यांवरून दिवसांवर आली आणि प्रुफे आठवड्यांवरून महिन्यांवर गेली. यात फाँटची भानगड आणखी. लेखकाने मजकूर युनिकोडमध्ये दिला असेल तर ठीक. पण जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरे अशी काही विस्कटतात की ‘सर्व’चा भलताच काहीतरी शब्द होतो आणि तो शब्दकोशात सापडत असल्यामुळे संगणकाला चूक वाटत नाही.

तरीही हिशेब सांगायलाच हवा. दोनशे पानांचे, चित्रे नसलेले पुस्तक धरा. संपादित मजकूर हातात आहे असेही धरा, म्हणजे बरेच काही धरल्यासारखे होईल. अक्षरजुळणी आणि मांडणीला आठ-दहा दिवस. तीन प्रुफे, प्रत्येक वेळी नव्या डोळ्यांनी वाचलेली, म्हणजे महिना ते दीड महिना. मुखपृष्ठ याच काळात होऊ शकते, चित्रकार मोकळा असेल तर. ऑफसेटवर हजार प्रती छापायला यंत्राला फार वेळ लागत नाही, पण घड्या, शिलाई, चिकटवणे, लॅमिनेशन आणि कापणी मिळून दोन ते तीन आठवडे जातात. पावसाळ्यात कागद दमट होतो, डिंक वाळत नाही, त्यात आठवडाभर वाढवावा. एकूण दोन ते तीन महिने. याहून बरीच कमी मुदत कुणी छातीठोकपणे सांगितली तर त्याने मुद्रितशोधन वगळले आहे असे खुशाल समजा.

मग पारंपरिक प्रकाशकाकडे दोन-दोन वर्षे का लागतात? कारण दोन-तीन महिन्यांचे हे घड्याळ सुरूच मुळी रांगेच्या शेवटी होते. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट जवळजवळ नसतोच. हस्तलिखित थेट प्रकाशकाच्या टेबलावर जाते, आणि बऱ्याच प्रकाशनसंस्था घरगुती असल्यामुळे निर्णय घेणारी माणसे एक किंवा दोन. तीच माणसे छापखान्याशी बोलतात, ग्रंथालयांची बिले वसूल करतात, प्रदर्शनात गाळा लावतात आणि उरलेल्या वेळात वाचतात. होकार यायला तीन ते सहा महिने लागले तर ते वावगे मानू नये. त्याहून जास्त लागले तर विचारावे, आणि विचारल्यावर ‘वाचतोय’ असे उत्तर दोनदा आले तर पोथी परत मागावी. लेखकांना हे उद्धटपणाचे वाटते. प्रकाशकांना वाटत नाही. उलट एक ओझे कमी झाले म्हणून कित्येकांना हायसे वाटते.

होकारानंतरची रांग वेगळी असते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी कॅलेंडर वर्षात निघालेली प्रथमावृत्ती पाहतात, म्हणून डिसेंबरात छापखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. साहित्य संमेलन बहुधा हिवाळ्यात, तिथल्या ग्रंथप्रदर्शनासाठी आणखी एक लगीनघाई. दिवाळीआधी तीच यंत्रे दिवाळी अंकांनी अडवलेली असतात. ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला तेव्हापासून मराठी छपाईचे वर्ष या सणाभोवती फिरते आहे. या तीन गर्दींमधून नवख्या लेखकाच्या कवितासंग्रहाला मोकळी जागा मिळते ती मार्च ते जून. त्या काळात प्रकाशकाकडे पैसे नसतात, कारण ग्रंथालयांची बिले अजून यायची असतात.

आणि मग प्रस्तावना! हस्तलिखित तयार, मुखपृष्ठ तयार, आणि सगळे थांबले आहे ते एका ज्येष्ठ समीक्षकाच्या चार पानांसाठी, अशी पुस्तके मी पुष्कळ पाहिली. ज्येष्ठांना नाही म्हणवत नाही, लेखकाला आठवण करून देववत नाही. याच दुखण्याचे दुसरे रूप म्हणजे प्रकाशन समारंभ. छापलेल्या प्रतींचे गठ्ठे बांधून तयार आहेत, पण प्रमुख पाहुण्यांची तारीख दीड महिन्यानंतरची आहे, आणि ‘प्रकाशन झाल्याशिवाय’ एकही प्रत बाहेर द्यायची नाही असे लेखकाच्या घरच्यांनी ठरवले आहे. जगात इतरत्र छापलेले पुस्तक विक्रीला लागते. आपल्याकडे ते आधी रंगीत कागदात गुंडाळून व्यासपीठावर सोडावे लागते. मला त्या समारंभांचे वावडे नाही, बटाटेवडा आणि कॉफी चांगली असते. पण हा वेळ प्रकाशकाच्या खात्यावर मांडू नये एवढेच.

सगळाच उशीर वाईट असतो असे मात्र मी कुठेही लिहिलेले नाही. गिरगावात खटाववाडीत मौज प्रकाशनाचे कार्यालय होते, तिथे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या हाताखालून गेलेल्या लेखनाला वेळ लागे हे मराठी वाङ्मयात सर्वश्रुत आहे. हस्तलिखित सूचनांसह परत येई, लेखक ते पुन्हा लिही, पुन्हा सूचना येत. काही लेखक वैतागले, काहींनी दुसरे दार गाठले. पण त्या वेळेत पुस्तकावर काम होत होते. रांगेत नुसते पडून राहणे आणि संपादकाच्या टेबलावर उघडे असणे, या दोन्हींना महिने सारखेच लागू शकतात; लेखकाने भेद करायला शिकले पाहिजे, आणि तो करता यावा म्हणून कोणते प्रश्न विचारावेत ते तिसऱ्या प्रकरणात दिले आहेत.

उलट बाजूही पाहा. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. लेखक पंचविशीतला, नाव कुणाला ठाऊक नाही, कादंबरीची भाषा आणि घाट त्या काळच्या चालीला सोडून. छपाई शिशाच्या खिळ्यांची. आणि तरी रा. ज. देशमुखांनी ती झटपट छापली. यंत्र संथ होते, होकार जलद होता. त्याच लेखकाची ‘हिंदू’ ऑफसेट, संगणक, मोबाइल सगळे आल्यावर, २०१० मध्ये पॉप्युलर प्रकाशनाकडून निघाली आणि तिची वाट वाचकांनी कित्येक वर्षे पाहिली होती. इथे खोळंबा प्रकाशकाचा नव्हता. अरुण कोलटकरांचे तसेच. १९५०च्या दशकापासून त्यांच्या कविता नियतकालिकांतून येत होत्या, पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रास प्रकाशनाने काढला १९७७ मध्ये. पुढची मराठी पुस्तके थेट २००३-०४ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षभरात, एकामागून एक. ‘प्रास’च्या अशोक शहाण्यांसारखा प्रकाशक मित्र असताना कवीला दार ठोठावावे लागत नव्हते. ‘हो’ म्हणायचे होते ते त्याचे त्यालाच. या प्रकारच्या विलंबावर माझ्याकडे उपाय नाही आणि या पुस्तकात तो शोधू नये.

आता स्वयंप्रकाशनाकडे येते, कारण हे पुस्तक उघडणाऱ्या निम्म्या वाचकांना तेच हवे असणार. किंडलवर मराठी पुस्तके २०१६च्या अखेरीपासून येऊ लागली. फाइल नीट असेल तर ती चढवल्यापासून साधारण ७२ तासांत पुस्तक विक्रीला दिसते. मागणीनुसार छपाई करणाऱ्या कंपन्या पन्नास प्रतीही काढून देतात. पाचशे प्रतींसाठी डिजिटल यंत्रावर आठवडा पुरतो. आयएसबीएन आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यासाठी हजारो रुपये मागणारा दलाल भेटला तर पाठ फिरवावी. म्हणजे ‘हो’ म्हणणारा मधला माणूस पूर्ण काढून टाकला तर पुस्तक सोमवारी संपवून गुरुवारी प्रसिद्ध करता येते. हे मी उपरोधाने लिहीत नाही. स्थानिक इतिहास, एखाद्या गावची वंशावळ, आजीच्या पाककृती, निवृत्त शिक्षकाच्या आठवणी, एका घाटातल्या वनस्पतींची नोंद यांना बाजारातला प्रकाशक कधीच होकार देणार नव्हता आणि ती पुस्तके असायला हवीत.

पण आधी वाचवलेला वेळ नंतर द्यावा लागतो, आणि याची कल्पना लेखकाला कुणी देत नाही. वितरक एका पुस्तकासाठी खाते उघडायला तयार नसतो. अप्पा बळवंत चौकातला दुकानदार पाच प्रती ठेवून घेतो त्या विक्रीनंतर पैसे या बोलीवर. ग्रंथालयांत जायचे तर त्यांच्या खरेदीच्या याद्या, त्यांचे वेळापत्रक, मुद्दाम प्रती पाठवणे आणि मग वाट पाहणे. प्रकाशकाच्या रांगेत गेली असती ती दोन वर्षे इथे फेऱ्या मारण्यात जातात. आणि संपादक नसल्याची किंमत लेखकाला पहिल्या अभिप्रायात कळते.

पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्या, आणि तरी स्वतःला ‘प्रकाशक’ म्हणवणाऱ्या मंडळींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. इथे इतकेच: तिथला होकार एका दिवसात येतो.

मला स्वतःला ज्या मार्गाविषयी सर्वांत जास्त कुतूहल आहे तो आज जवळपास विसरला गेला आहे. वाचकाकडून आगाऊ होकार घेण्याचा मार्ग. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढायचा ठरवला तेव्हा सरकार त्यांच्या पाठीशी नव्हते आणि एकटा प्रकाशक हा भार घेणे शक्य नव्हते. त्यांनी कंपनी उभारली, भागधारक जमवले, वर्गणीदार मिळवायला माणसे गावोगाव पाठवली आणि १९२०चे दशक संपायच्या आत २३ खंड पुरे केले. कोशातल्या उणिवा दाखवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. परंतु वर्गणीदाराला पुढचा खंड द्यायचा आहे ही टोचणी रोज असलेल्या माणसाने तो संपवला हे विसरता येत नाही. त्याच्याशेजारी मराठी विश्वकोश ठेवून पाहिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला हे काम १९६०च्या दशकात सुरू झाले, पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसाव्या खंडाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये. दोन्हींची सरळ तुलना अन्यायाची ठरेल; विश्वकोशाचा आवाका, नोंदी लिहिणाऱ्या तज्ज्ञांची संख्या आणि तपासणीचे टप्पे फार मोठे. तरी नोंद लिहून झाल्यापासून छापून येईपर्यंत ज्ञान शिळे होण्याचा धोका दीर्घ सरकारी प्रकल्पात असतो आणि तो पुढच्या पिढीला नव्याने नोंदी लिहून निस्तरावा लागतो.

केतकरांनंतर अर्धशतकाने ग्रंथालीने हाच धागा निराळ्या तऱ्हेने उचलला. वाचकच सभासद, आणि त्यांच्या बळावर दुकानदारीच्या गणितात न बसणारी पुस्तके. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण मान्यांचा ‘उपरा’ १९८० मध्ये याच वाटेने आला. आजही प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करून मोठे ग्रंथ निघतात. नव्या लेखकाने दोनशे वाचकांकडून आधी पैसे घेऊन तारीख जाहीर केली तर पुस्तक त्या तारखेच्या आसपास निघते, असे मी पाहिले आहे. लाज हे फार परिणामकारक यंत्र आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण मी पुस्तकात मुद्दाम शेवटी ठेवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६च्या अधिवेशनासाठी त्यांचे भाषण ठरवले आणि मजकूर पाहिल्यावर अंग काढून घेतले. बाबासाहेबांनी ते भाषण त्याच वर्षी मे महिन्यात स्वखर्चाने प्रसिद्ध केले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. वीस वर्षांनी हाच लेखक, आता घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आणि माजी कायदामंत्री म्हणून सर्वांना माहीत असलेला, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ घेऊन उभा होता. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून बुद्धजयंतीच्या निमित्ताने सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात असे सुचवले. नेहरूंनी इतक्या प्रती घेणे जमेल असे वाटत नाही म्हणून कळवले आणि पत्र राधाकृष्णन यांच्या बुद्धजयंती समितीकडे पाठवले. डिसेंबरात बाबासाहेब गेले. ग्रंथ १९५७ मध्ये आला, लेखकाच्या हातात कधीच पडला नाही. त्यांची इतर अप्रकाशित हस्तलिखिते महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंडशः काढली. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ मध्ये बाहेर आले आणि त्यावरून रस्त्यावर मोर्चे निघाले. यातल्या कोणत्या टप्प्यावर छापखाना हे अडचणीचे कारण होते ते वाचकाने स्वतः शोधावे.

पुस्तकाची रचना सरळ आहे. आधी यंत्र आणि माणसे, मग मार्ग, मग करारातली मुदतीची कलमे. ‘प्रकाशकाने योग्य वेळेत पुस्तक काढावे’ या कलमाला काही अर्थ नसतो. किती महिन्यांत, आणि न काढल्यास हक्क आपोआप लेखकाकडे परत, असे लिहून घ्यावे. नमुना सोबत जोडला आहे. इंग्रजी प्रकाशकांविषयी एकच छोटे प्रकरण आहे, कारण त्यांचे वेळापत्रक वर्ष-दीड वर्ष आधी ठरते आणि त्यात मराठी लेखकाने करण्यासारखे फारसे काही नसते. कागदाचे भाव आणि छपाईचे दर दिलेले नाहीत. हे पान वाचेपर्यंत ते बदललेले असतील.

एक शेवटची मुदत मात्र कायद्यानेच ठरवली आहे आणि ती बहुसंख्य स्वयंप्रकाशक पाळत नाहीत, कारण ती त्यांना माहीतच नसते. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. चुकल्यास कायद्यात दंड आहे तो ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाच्या किमतीइतका, म्हणजे कुणी धसका घ्यावा असा नव्हे. पण शंभर वर्षांनी तुमचे पुस्तक शोधणारा अभ्यासक या चार ठिकाणीच जाणार आहे. तेव्हा छपाईची संख्या ठरवताना या जादा प्रती धराव्यात आणि पोस्टाच्या पावत्या फाइलला लावून ठेवाव्यात.